कर मागितला डिजिटल कंपन्यांकडे, धमकी आली कोळंबीवर

सागवान

कंपन्यांच्या करटाळणीचा विषय निघाला की चर्चा हुशार सीए आणि कायद्यातल्या पळवाटांभोवती फिरते. मला वेगळ्या बाजूने मांडायचंय. कोणत्या देशाने कोणाकडून किती कर घ्यायचा, हे आता संसदेपेक्षा व्यापाराच्या वाटाघाटींत जास्त ठरायला लागलंय. तसं असेल तर "आम्ही कायद्यात राहूनच कर वाचवतो" या कंपन्यांच्या उत्तराला काय अर्थ उरतो?

भारताचंच उदाहरण घ्या. परदेशी कंपनी इथल्या माणसांना जाहिराती दाखवते, इथल्या दुकानदारांना ग्राहक मिळवून देते, पण तिचं इथे ऑफिस नाही, म्हणून तिच्या नफ्यावर इथे कर लागत नाही. हा नियम कारखाने आणि गोदामांच्या काळातला. त्यावर उतारा म्हणून २०१६ मध्ये ऑनलाइन जाहिरातींवर ६ टक्के इक्वलायझेशन लेव्ही, म्हणजे परदेशी डिजिटल कंपन्यांच्या इथल्या कमाईवरचा वेगळा कर, आली. २०२० मध्ये परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांवर २ टक्के आली. अमेरिकेने लगेच आपल्या व्यापार कायद्याच्या कलम ३०१ खाली चौकशी लावली, जानेवारी २०२१ मध्ये हा कर भेदभाव करणारा ठरवला आणि प्रत्युत्तर म्हणून भारताच्या कोणत्या मालावर २५ टक्क्यांपर्यंत शुल्क लावता येईल याची यादी काढली. प्रस्तावित यादीत कोळंबी आणि बासमती होते. कोळंबी निर्यात करणाऱ्याचा डिजिटल कराशी काय संबंध?

ते शुल्क प्रत्यक्षात बसलं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये तडजोड झाली. पुढे २ टक्क्यांची लेव्ही १ ऑगस्ट २०२४ पासून गेली आणि ६ टक्क्यांची १ एप्रिल २०२५ पासून. दुसरी गेली तेव्हा अमेरिकेची नवी आयातशुल्कं जाहीर व्हायला एकच दिवस उरला होता. कॅनडात तर हे अगदी उघड्यावर झालं. ३ टक्के डिजिटल कराचा पहिला हप्ता ३० जून २०२५ ला भरायचा होता. २७ जूनला अमेरिकेने व्यापाराची बोलणी थांबवली आणि हप्त्याची तारीख उजाडायच्या आत कॅनडाने कर मागे घेतला.

कॅनडाच्या संसदेने हा कायदा रीतसर मंजूर केलेला होता. मतदारांनी निवडून दिलेल्या लोकांनी केलेला कर तीन दिवसांत गुंडाळला गेला आणि ज्या कंपन्यांना तो भरायचा होता, त्यांना कोर्टाची पायरीही चढावी लागली नाही. मला ही गोष्ट अस्वस्थ करते. तुमचं मत काय?

चौकट

मांडणी चांगली आहे, पण दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. देशांनी एकमेकांवर दबाव आणणं हा परराष्ट्र धोरणाचा भाग. कंपनीने कमीत कमी कर भरणं हा वेगळा विषय, आणि त्यात मला अनैतिक काही दिसत नाही.

ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरच्या खटल्यात ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, १९३५ मध्येच म्हटलं होतं की कायद्याच्या चौकटीत राहून आपला कर कमीत कमी ठेवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. संचालक मंडळ भागधारकांचे पैसे सांभाळतं. त्यातले पैसे "नैतिकता" म्हणून सरकारला जास्त द्यायचे ठरवले, तर किती जास्त? कोणत्या देशाला? हे ठरवण्याचा अधिकार त्यांना दिला कोणी?

ब्रिटनमधलं स्टारबक्सचं प्रकरण आठवा. १४ वर्षांत ३ अब्ज पौंडांची विक्री आणि कंपनी कर फक्त ८६ लाख पौंड, हे २०१२ मध्ये बाहेर आल्यावर लोक चिडले. मग कंपनीने आपणहून २ कोटी पौंड भरायची तयारी दाखवली. मला तो प्रकार मूळ करटाळणीपेक्षा जास्त धोकादायक वाटला होता. कर म्हणजे देणगी नव्हे. लोकांचा राग किती, यावर रक्कम ठरायला लागली तर त्याला करव्यवस्था म्हणता येणार नाही.

पानगळ

चौकट यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. पण त्यातूनच उलटा निष्कर्ष निघतो असं मला वाटतं. २ कोटी पौंड "आपणहून" देता आले, याचा अर्थ आधीचा आकडाही निवडलेलाच होता. कॉफी ब्रिटनमध्ये विकली जात होती, दुकानं तिथे होती, कामगार तिथले होते. नफा तेवढा दुसरीकडे दाखवला जात होता.

मुनीमजी

हा नफा "दुसरीकडे" कसा जातो, ते सांगतो. मी बरीच वर्षं एका बहुराष्ट्रीय कंपनीत ट्रान्सफर प्रायसिंगच्या, म्हणजे एकाच गटातल्या कंपन्यांनी एकमेकांना लावायच्या भावांच्या, फायली बनवल्या आहेत. नाव सांगत नाही.

समजा इथल्या उपकंपनीने १०० रुपयांची विक्री केली आणि खर्च ७० रुपये झाला. हाताशी ३० राहिले. आता ब्रँडचा मालक कोण? कागदोपत्री तिसऱ्याच देशातली एक कंपनी, जिच्याकडे मोजून चार माणसं आहेत. तिला रॉयल्टी १२ रुपये. "व्यवस्थापन सल्ला" म्हणून दुसऱ्या कंपनीला ६ रुपये. भांडवल मूळ कंपनीने कर्जाच्या रूपात दिलेलं असतं, त्याचं व्याज ७ रुपये. इथे उरले ५, आणि कर त्या ५ वर. एकही पावती खोटी नाही. करार आहे, मंडळाचा ठराव आहे, बँकेतून रीतसर पैसे गेलेत.

कायदा म्हणतो की तिऱ्हाईत कंपनीबरोबर व्यवहार केला असता तर जो भाव लागला असता, तोच आपल्याच गटातल्या कंपनीला लावा. ऐकायला चोख वाटतं. अडचण अशी की त्या ब्रँडसारखा दुसरा ब्रँड बाजारात विकायला नसतो. मग डेटाबेसमधून "तुलना करण्याजोग्या" कंपन्या शोधायच्या. सुरुवातीला यादीत साठ-सत्तर नावं असतात. ही तोट्यात आहे, काढा. हिचं आर्थिक वर्ष वेगळं, काढा. हिच्याकडे जमीनजुमला जास्त, काढा. शेवटी आठ-दहा उरतात आणि त्यांची सरासरी आपल्याला हव्या असलेल्या आकड्याच्या आसपास येते. प्रत्येक नाव काढण्याचं कारण लिहिलेलं असतं आणि सुटं पाहिलं तर प्रत्येक कारण पटतं. आयकर खात्याचा अधिकारी तीच यादी घेतो, वेगळी नावं काढतो आणि त्याचा आकडा वेगळा येतो. मग ट्रिब्युनल, मग हायकोर्ट. दहा वर्षं कुठेच गेली नाहीत.

म्हणून चौकट यांचं "कायद्याच्या चौकटीत" हे पुस्तकात बरोबर आहे. कामाच्या टेबलावर ती चौकट रबराची असते, आणि ती ताणायला कंपनीकडे जेवढी माणसं असतात, तेवढी खात्याकडे नसतात. छोट्या देशांकडे तर मुळीच नसतात.

तिसरी_घंटा

मुनीमजी, शेवटच्या वाक्याचा पुरावा घानामध्ये आहे. अॅक्शनएड या संस्थेने २०१० मध्ये सॅबमिलर या बीअर कंपनीवर अहवाल काढला होता. तिची अक्रामधली उपकंपनी ब्रँडची रॉयल्टी नेदरलँड्सला देत होती, व्यवस्थापनाचं शुल्क स्वित्झर्लंडला आणि मालाच्या खरेदीतला काही भाग मॉरिशसमार्गे. कारखान्याजवळ टपरी टाकून तीच बीअर विकणाऱ्या एका बाईने त्याआधीच्या दोन वर्षांत या कंपनीपेक्षा जास्त आयकर भरला होता, असं अहवालात म्हटलंय. कंपनीने आरोप फेटाळले होते, हेही नोंदवते.

त्या बाईकडे स्वित्झर्लंडला व्यवस्थापन शुल्क पाठवायची सोय नव्हती. हक्क सगळ्यांना सारखा आहे असं म्हणताना तो वापरायची ऐपत किती जणांकडे आहे, हे बघायला नको का?

खारफुटी

सरकारची बाजू फार स्वच्छ दाखवली जातेय, म्हणून लिहितो.

व्होडाफोनने २००७ मध्ये हचिसनकडून भारतातला मोबाइल धंदा घेतला, व्यवहार सुमारे ११ अब्ज डॉलरचा. पण विकला गेला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर. भारतातल्या मालमत्तेची मालकी बदलली आणि भारताला कर शून्य. खात्याने नोटीस काढली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि जानेवारी २०१२ मध्ये कोर्टाने व्होडाफोनच्या बाजूने निकाल दिला. इथपर्यंत कायद्याचं राज्य. पुढे सरकारने काय केलं? त्याच वर्षी १९६२ पासून लागू होईल अशी कायदादुरुस्ती केली. म्हणजे कोर्टात हरल्यावर मागच्या पन्नास वर्षांचे नियम बदलले.

व्होडाफोन भारत-नेदरलँड्स गुंतवणूक करारावरून लवादाकडे गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये जिंकली. याच दुरुस्तीचा फटका बसलेली केर्न ही ब्रिटिश तेल कंपनी त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये भारत-ब्रिटन करारावर जिंकली, १.२ अब्ज डॉलर अधिक व्याज. वसुलीसाठी २०२१ मध्ये केर्नने पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर फ्रेंच कोर्टाकडून टाच आणवली. ऑगस्ट २०२१ मध्ये ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली.

करटाळणी वाईट आहेच. पण सरकार कधीही मागच्या तारखेने नियम बदलू शकतं असं दिसलं, की प्रामाणिक कंपनीसुद्धा तिसऱ्या देशात आडोसा शोधते.

सागवान

खारफुटी, मागच्या तारखेच्या कायद्याबद्दल पूर्ण सहमत. ती मोठी चूक होती आणि तिचा फायदा शेवटी कर टाळणाऱ्यांनाच झाला, कारण त्यानंतर प्रत्येक साध्या नोटिशीलाही "टॅक्स टेररिझम" म्हणता यायला लागलं.

पण तुमच्या उदाहरणात एक गोष्ट बघा. व्होडाफोन भारताच्या कोर्टात जिंकली तेव्हा भारताच्या कायद्याखाली जिंकली. नंतर लवादात जिंकली ती नेदरलँड्सबरोबरच्या कराराखाली. मूळ कंपनी ब्रिटनची, विकणारी हाँगकाँगची, मधला शेअर केमनचा, मालमत्ता भारतातली, आणि संरक्षण डच करारातून. एवढ्या देशांतला सोयीचा तुकडा निवडायची मुभा फक्त भांडवलाला आहे. म्हणून चौकट यांच्या "अधिकार दिला कोणी" या प्रश्नाला माझं उत्तर असं: कायदा आपल्याला जसाच्या तसा मिळतो आणि आपण तो पाळतो, ही कल्पना नोकरदाराच्या बाबतीत खरी आहे. त्याचा टीडीएस पगार हातात यायच्या आधी कापलेला असतो. मोठी कंपनी मात्र कोणता कायदा आपल्याला लागू व्हावा हे निवडते आणि तो बदलायला निघाला तर तो लिहिणाऱ्यांवर दबाव आणायलाही पैसा खर्च करते. ज्याचा हात कायदा लिहिण्यात आहे, त्याला फक्त "पाळला" म्हणून सुटता येत नाही.

पानगळ

आता जरा छोट्या देशांच्या बाजूने. मॉरिशसला आपण सहज शिव्या घालतो. उसावर जगणाऱ्या बेटाने दुसरं काहीतरी उभं करायचं ठरवलं आणि १९८२ च्या करारावर भारताने स्वतःच सही केली. शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर लावायचा हक्क फक्त मॉरिशसला, आणि मॉरिशस तो लावत नाही, हे दिल्लीला माहीत नव्हतं असं नाही. सरकारने २००० मध्ये परिपत्रक काढून कंपनी मॉरिशसची रहिवासी असल्याचं तिथलं प्रमाणपत्र पुरेसं आहे असं सांगितलं आणि २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं. भारताला गुंतवणूक हवी होती. तो करार बदलला २०१६ मध्ये, आणि १ एप्रिल २०१७ च्या आधी घेतलेल्या शेअरना तरीही सूट राहिलीच.

आयर्लंडचंही तसंच. कधीकाळी तरुण पोरं देश सोडून जात होती, तिथे आज अमेरिकी कंपन्यांच्या नोकऱ्या आहेत. त्यांना दोष देणं आपल्याला सोपं आहे.

मुनीमजी

पानगळ, नोकऱ्या खऱ्या आहेत, मान्य. पण अॅपलच्या प्रकरणात वाद नोकऱ्यांचा नव्हता. आयर्लंडमध्ये नोंदलेल्या दोन कंपन्यांचा नफा अशा "मुख्यालया"कडे टाकला जात होता, ज्याला ना पत्ता ना कर्मचारी. ते कोणत्याच देशात नव्हतं. युरोपीय आयोगाच्या हिशोबाने २०१४ मध्ये तिथला प्रत्यक्ष दर ०.००५ टक्के पडला, म्हणजे १० लाख युरो नफ्यावर ५० युरो कर. आयोगाने २०१६ मध्ये १३ अब्ज युरो वसूल करायला सांगितले, तर आयर्लंड सरकारच ते नको म्हणून कोर्टात गेलं. शेवटचा निकाल सप्टेंबर २०२४ मध्ये लागला आणि पैसे घ्यावे लागले.

आणखी एक. त्यांच्या आकडेवारीचं काय झालं बघा. बड्या कंपन्यांनी बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे हलवल्यावर २०१५ चा जीडीपी वाढीचा दर २६ टक्के निघाला. त्यानंतर देशाला स्वतःची अर्थव्यवस्था मोजायला वेगळं परिमाण तयार करावं लागलं. दुसऱ्यांचा नफा ठेवून घेण्याची किंमत अशीही असते, की आपल्या घरात नक्की किती आहे हेच कळेनासं होतं.

बारा_आणे

मला यातलं तांत्रिक फार कळत नाही. एकच विचारते. कंपनीने नाही भरला, तर तो कर भरतो कोण?

तिसरी_घंटा

बारा_आणे, थेट उत्तर: तुम्ही, मी, आणि ज्यांना सरकारी दवाखान्यात औषध मिळत नाही ते. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के केला, इतर सवलती सोडणाऱ्यांसाठी. सरकारनेच वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचं उत्पन्न सोडावं लागेल असा अंदाज दिला होता. २०२३-२४ मध्ये केंद्राला वैयक्तिक आयकरातून मिळालेली रक्कम कंपनी करापेक्षा जास्त होती. दर कमी करण्यामागे गुंतवणूक यावी हा हेतू होता, आणि तो चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण दर कमी का करावे लागतात? शेजारचा देश कमी करतो म्हणून. शेजारचा का करतो? आपण करतो म्हणून.

चौकट

इथे मी थोडा सरकतो. ही देशांमधली चढाओढ थांबवायची तर सगळ्यांनी मिळून किमान दर ठरवणं हाच मार्ग, आणि तो ठरलाही होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या पुढाकाराने १३६ देशांनी किमान १५ टक्के मान्य केले, वर्षाला ७५ कोटी युरोंपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या गटांसाठी. कुठे कमी भरला तर फरक दुसऱ्या देशाने वसूल करायचा. भारताने आणि इतरांनी डिजिटल कर मागे घ्यायचं कबूल केलं ते याच समझोत्याचा भाग म्हणून. त्यामुळे लेव्ही फक्त धमकीने गेली असं म्हणणं अपुरं आहे.

सागवान

बरोबर, अदलाबदल तशीच ठरली होती. पण पुढे काय झालं? जास्तीचा नफा ग्राहकांच्या देशांत वाटायचा जो पहिला भाग होता, तो अमलातच आला नाही. २० जानेवारी २०२५ ला, शपथविधीच्याच दिवशी, ट्रम्प यांनी हा समझोता अमेरिकेत लागू नाही असं जाहीर केलं. मग त्यांच्या करविधेयकात कलम ८९९ आलं. अमेरिकी कंपन्यांवर "अन्यायी" कर लावणाऱ्या देशांच्या गुंतवणूकदारांवर जादा कर. जूनमध्ये जी-७ देशांनी अमेरिकी गटांना किमान कराच्या मुख्य नियमांतून वगळायचं मान्य केलं आणि ते कलम काढण्यात आलं. जानेवारी २०२६ मध्ये जवळपास दीडशे देशांच्या गटाने त्या सवलतीवर शिक्कामोर्तब केलं.

म्हणजे लेव्ही गेली, तिच्या बदल्यात मिळणार होतं ते आलं नाही, आणि जे आलं त्यातून सगळ्यात मोठ्या कंपन्या बाहेर. मी याला फसवणूक म्हणतो.

खारफुटी

करार बदलतात तेव्हा सामान्य धंदेवाल्याचं काय होतं, तेही बघा. स्विस कंपन्यांना भारतातून मिळणाऱ्या लाभांशावर ५ टक्के की १० टक्के, हा वाद करारातल्या मोस्ट फेवर्ड नेशन कलमाचा, म्हणजे दुसऱ्या देशाला दिलेली जास्तीची सवलत यालाही मिळावी या कलमाचा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने नेस्लेच्या प्रकरणात सांगितलं की वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय ते कलम आपोआप लागू होत नाही. त्यावर स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२५ पासून आपल्याकडून ते कलम स्थगित केलं, म्हणजे तिकडून लाभांश घेणाऱ्या भारतीय कंपन्यांना ५ ऐवजी १० टक्के. आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या ईएफटीए गटाबरोबरचा आपला व्यापार करार लागू झाला. एका टेबलावर शुल्क कमी करायचं, दुसऱ्या टेबलावर कर वाढवायचा. मोठ्या गटाकडे दोन्ही टेबलं सांभाळणारे सल्लागार असतात. मधल्या आकाराच्या निर्यातदाराला हे कळतं तेव्हा रक्कम कापून गेलेली असते.

बारा_आणे

मग करायचं काय? संयुक्त राष्ट्रांत काहीतरी चाललंय असं वाचलं होतं.

तिसरी_घंटा

हो. आफ्रिकी देशांच्या पुढाकाराने डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने करविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या वाटाघाटींची रूपरेषा मंजूर केली. ११९ देश बाजूने, ९ विरोधात. भारत बाजूने होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिका बोलणी सोडून गेली, बाकीच्यांची २०२७ पर्यंतची मुदत ठरलेली आहे. मला यातून आशा वाटते ती एवढ्यासाठी, की २०२१ च्या समझोत्यात सहभागी न झालेले केनिया आणि नायजेरिया इथे नियम लिहिणाऱ्यांत आहेत.

मुनीमजी

आशा ठेवा, पण तोवर एक काम प्रत्येक देशाला आजही करता येतं. मोठे गट दरवर्षी देशनिहाय अहवाल देतात: कुठे किती विक्री, किती नफा, किती माणसं, किती कर. भारतात तो आयकर खात्याकडे जातो आणि कायद्यानेच गुप्त राहतो. मी तो भरलेला आहे. साधा तक्ता असतो. एका ओळीत हजारो कर्मचारी आणि बेताचा नफा, खालच्या ओळीत दोन कर्मचारी आणि त्याच्या कित्येक पट नफा. त्यावर भाष्य लागत नाही.

युरोपीय संघाने २२ जून २०२४ नंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून यातला बराचसा भाग जाहीर करणं बंधनकारक केलंय. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ नंतरच्या वर्षांसाठी तेच केलं आणि काही ठरावीक देशांची माहिती तर वेगवेगळी द्यायला लावली.

चौकट

याला माझा विरोध नाही. व्यावसायिक गुपितं उघडी पडतील असा आक्षेप येईल, पण ज्या कंपन्या युरोपात हे जाहीर करणारच आहेत, त्यांना इथे अडचण काय?

सागवान

चौकट, तेच. आणि व्यापार करारांच्या बाबतीतही मला एवढंच हवंय. वाटाघाटीत कराचा विषय आला, तर कोणत्या कराच्या बदल्यात कोणती सवलत घेतली आणि किती महसूल सोडला, हे संसदेपुढे सही व्हायच्या आधी यावं. कोळंबीवाल्याला आणि बासमतीवाल्यालाही ते तेव्हाच कळावं.

मुनीमजी, त्या तक्त्यात नेमके कोणते रकाने असतात, आणि युरोपात त्यातले कोणते उघड होतात, यावर सविस्तर लिहाल का? मला खासदारांना पाठवायच्या पत्रात ते घालायचंय.